खिडकीबाहेरचा हात

दुपदरी रस्त्यावर पुढचा ट्रक वाट अडवून चाललेला असतो, त्याच्या पलीकडून काय येते आहे ते दिसत नाही, आणि मग चालक खिडकीतून हात बाहेर काढून ‘जा पुढे’ अशी खूण करतो. त्या हाताच्या धन्याचा चेहरा आपण पाहिलेला नसतो, तरीही केवळ त्याच्या भरवशावर आपण गाडी समोरच्या वाहनांच्या वाटेत घालतो.

1971 साली अमेरिकी दूरचित्रवाणीसाठी केलेल्या ‘ड्युएल’ या चित्रपटात स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी नेमका हाच हात उचलला आहे. कॅलिफोर्नियातल्या ओसाड रस्त्यावरून लाल प्लिमथ गाडीतून निघालेला डेव्हिड मान एका गंजक्या, काजळलेल्या टँकरला ओलांडतो, एवढाच त्याचा गुन्हा. पुढे टँकरचालक त्याला हाताने पुढे बोलावतो, मान विश्वासाने बाहेर पडतो, तर समोरून भरधाव मोटार येत असते. टँकरच्या धडकांपेक्षा मला हे दृश्य अधिक भयंकर वाटते, कारण धडक चुकवता येते. खुणेवर ठेवलेला विश्वास एकदा मोडला की पुढच्या प्रत्येक खुणेचा अर्थ लावत बसावे लागते.

चालकाचा चेहरा चित्रपटभर नीट दिसत नाही. दिसतात ते हात आणि बूट. म्हणूनच उपाहारगृहातला प्रसंग पाठलागाइतकाच ताणलेला आहे. टँकर बाहेर उभा, म्हणजे चालक आतच असणार, या समजुतीने मान प्रत्येक गिऱ्हाइकाचे बूट निरखत राहतो आणि शेवटी भलत्याच माणसावर आळ घेऊन मार खातो. (मनातले बोलणे ऐकवण्याची तिथे खरे तर गरज नव्हती, मानची भूमिका करणाऱ्या डेनिस वीव्हर यांचा घामेजलेला चेहरा पुरेसा होता.)

मूळ कथाकार आणि पटकथाकार रिचर्ड मॅथेसन यांना ही कल्पना स्वतःच्या अनुभवातून सुचली. केनेडी यांची हत्या झाली त्याच दिवशी, 22 नोव्हेंबर 1963 रोजी, एक ट्रक त्यांच्या मोटारीच्या मागे लागला होता. कथेत पाठलागाचे कारण मात्र कुठेच दिलेले नाही, आणि स्पीलबर्ग यांनीही ते जोडले नाही. अवघे 24 वर्षांचे असताना, दोन आठवड्यांच्या आत चित्रीकरण उरकताना, त्यांनी दाखवलेला हा संयम मला विलक्षण वाटतो.

शेवटी टँकर दरीत कोसळतो. पाठीवर ‘ज्वालाग्राही’ असे लिहिलेले असूनही त्याचा स्फोट होत नाही. धूळ उडते, लोखंड करकरत राहते, आणि त्या ढिगाऱ्यात मी दर वेळी तो हात शोधत बसतो.