आमची वाटचाल: ‘रेंज जाते’ म्हणून आलेली पाकिटं

पहिल्या वर्षी ‘रेंज जाते’ अशी चिठ्ठी लावून आमच्या दुरुस्तीच्या दुकानात आलेले मॉडेल विमानांचे बहुतेक रिसीव्हर (हातातल्या ट्रान्समीटरचा हुकूम विमानात झेलणारी डबी) टेबलावर अगदी ठणठणीत चालायचे. आम्ही ते तपासायचो, पुसायचो, परत पाठवायचो. पंधरा दिवसांत तेच पाकीट पुन्हा दारात.

आम्ही दोघं भाऊ. लहानपणी बाल्साच्या हलक्या लाकडाची विमानं जोडायचो, पुढे तोच धंदा झाला, त्यात सांगण्यासारखं फार नाही. आम्ही उडवायला शिकलो तेव्हा 35 किंवा 72 मेगाहर्ट्झचे सेट असायचे, विमानाच्या शेपटीपर्यंत जवळजवळ मीटरभर वायर लोंबायची आणि विमान वरून काहीही कळवत नसे. पडलं की कळायचं. मग 2.4 गिगाहर्ट्झ आलं, पाठोपाठ टेलिमेट्री आली, म्हणजे विमान उडता उडता आपली खबर खाली पाठवू लागलं. बॅटरीचा व्होल्टेज, उंची, सिग्नलची ताकद, सगळं हातातल्या पडद्यावर. त्याबरोबर एक नवं दुखणंही आलं: विमान झकास उडत असताना ट्रान्समीटर अचानक ‘टेलिमेट्री गेली’ म्हणून ओरडतो आणि उडवणाऱ्याचे हात थरथरायला लागतात.

यावर आम्ही काय औषध द्यायचो? नवा रिसीव्हर. मोठा अँटेना. फारच रडगाणं असेल तर ट्रान्समीटरची शक्ती वाढवणारा बूस्टर. विक्री छान होती, हे कबूल करतो.

डोळे उघडले ते आमच्याच ग्लायडरमुळे, म्हणजे हवेवर तरंगणाऱ्या विमानामुळे. समोर घिरट्या घालताना डावीकडे वळला की टेलिमेट्री गायब, उजवीकडे वळला की हजर. आम्ही तीन रिसीव्हर बदलले. शेवटी भाऊ वैतागून म्हणाला, “आता विमानच तपासू.” त्यानं ग्लायडर लाकडी स्टुलावर ठेवला, कारण जमिनीवर ठेवलं की गवत आणि माती सिग्नल खातात. मी ट्रान्समीटर रेंज टेस्टवर टाकला (यात शक्ती मुद्दाम उतरवलेली असते, त्यामुळे तीस पावलांवरच लांबचा अंदाज येतो) आणि तीस पावलं मागे गेलो. भावानं विमान थोडं थोडं करत गोल फिरवलं. उजवी कूस माझ्याकडे आली की सिग्नलचा आकडा धपकन खाली. डाव्या वळणात नेमकी तीच कूस आमच्याकडे असते.

नाक उघडलं. बॅटरी उजवीकडे, दोन्ही अँटेना डाव्या भिंतीला शेजारी शेजारी चिकटवलेले. आणि उजव्या भिंतीला आतून कार्बनच्या कापडाचा थर. आधीच्या एका अपघातानंतर मजबुतीसाठी तो मीच दिला होता. ग्लास फायबरमधून 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरी आरपार जातात. कार्बन वीज वाहून नेतो, तो आडवा आला की लहरींपुढे पत्र्याचा आडोसाच उभा राहतो. माझ्या हातची दुरुस्ती आणि दोष तीन निरपराध रिसीव्हरांना! एक अँटेना छोट्या भोकातून बाहेर काढला, दुसरा त्याच्याशी काटकोनात बसवला. दुखणं गेलं.

या सगळ्या काळात विमानावरचा ताबा मात्र एकदाही सुटला नव्हता. त्याचं कारण साधं आहे. हातातला ट्रान्समीटर 100 मिलिवॅटनं बोलत असेल आणि रिसीव्हर 25 नं उत्तर देत असेल, तर फरक 6 डेसिबलचा पडतो. मोकळ्या आकाशात 6 डेसिबल म्हणजे अंतर निम्मं. विमानाला तुमचं ऐकू येत असतं, त्याचं उत्तर तुमच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून बूस्टर हा उपाय मला आता विनोदी वाटतो. हातातली शक्ती वाढवली की तुमचा आवाज आणखी लांब जातो, विमानाचा होता तिथेच राहतो, आणि देशोदेशी ठरलेली शक्तीची मर्यादा ओलांडली जाते ती वेगळीच. आम्ही बूस्टर विकणं बंद केलं. आणखी एक गंमत: सिग्नलच्या ताकदीचा आकडा रिसीव्हर मोजतो, पण तो आपल्यापर्यंत पोचतो टेलिमेट्रीच्या वाटेनं. ती वाट तुटली की पडद्यावर दिसतो तो शिळा आकडा.

तेव्हापासून नुसता रिसीव्हर आम्ही दुरुस्तीला घेत नाही. अख्खं विमान आणा, नाहीतर उघड्या धडाचे फोटो आणि उड्डाणाचा लॉग, म्हणजे ट्रान्समीटरमध्ये साठलेली आकड्यांची नोंद, पाठवा. लॉगमध्ये आकडा हळूहळू उतरत गेला असेल तर अंतर किंवा अँटेना. चांगला असलेला आकडा एकदम तुटला असेल तर मी आधी व्होल्टेज पाहतो. सगळे सर्वो (पंख-शेपटीच्या झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटरी) एकदम जोर लावतात, पुरवठा खाली बसतो, रिसीव्हर बंद पडून पुन्हा सुरू होतो, आणि मालक शपथेवर सांगतो की रेंज गेली. विमानावर कॅमेरा असेल तर रेंज टेस्ट तीनदा घेतो: सगळं बंद ठेवून, मग मोटर चालू करून, मग कॅमेरा चालू करून. 1.2 गिगाहर्ट्झचा व्हिडिओ ट्रान्समीटर असेल तर त्याची दुप्पट बरोबर 2.4 वर येऊन बसते. कॅमेऱ्याचं वायफाय चालू राहिलेलं तर कितीदा सापडलं.

अँटेनाचं तर विचारू नका. टोकाची उघडी तार साधारण 31 मिलिमीटर असते, लहरीच्या लांबीचा पाव भाग. लोक ती ‘फार लांब वाटली’ म्हणून छाटतात किंवा दुमडून टेपखाली दडपतात. बोर्डावरचं इवलंसं कनेक्टरही काही रोज काढण्याघालण्यासाठी केलेलं नसतं, साधारण तीस वेळा लावण्याइतकंच त्याचं आयुष्य धरलेलं असतं. सुरुवातीला तपासण्याच्या नादात आम्हीच किती खिळखिळी करून परत पाठवली असतील, देव जाणे.

काही तक्रारी तर फोनवरच मिटतात. “ट्रान्समीटरच्या अँटेनाचं टोक विमानाकडे रोखू नका, जरा आडवं करा,” एवढंच सांगायचं. टोकाच्या दिशेला सिग्नल सर्वांत दुबळा. गिऱ्हाईक खूश, गल्ला रिकामा.

तो गल्ला खरंच रिकामा व्हायला लागला होता. रिसीव्हरची विक्री घसरली, भाऊ हिशेबाची वही पुढ्यात घेऊन गप्प बसायचा. मग तपासणीचे पैसे घ्यायला लागलो, बिघाड सापडो न सापडो. “काही बिघडलंच नाही तर पैसे कसले?” हा प्रश्न अजूनही ऐकतो, आणि उत्तर देताना मलाच अवघडल्यासारखं होतं. खरा हात दिला तो जोडणीच्या कामानं. लोक किट पाठवतात, आम्ही रिसीव्हर, बॅटरी आणि अँटेना जागच्या जागी बसवतो आणि विमान चारही बाजूंनी फिरवून घेतलेल्या रेंज टेस्टचे आकडे कागदावर लिहून सोबत देतो. पुढे कधी तक्रार आली की आधी तो कागद मागतो. निम्मं भांडण तिथंच संपतं.

आज टेबलावर एक मोठं विमान आहे. मालकाचं म्हणणं, इंजिन पूर्ण जोरात असलं की टेलिमेट्री अडखळते, मंद केलं की येते. भावाला संशय आहे की इंजिनच्या विजेच्या ठिणगीमुळे सिग्नल बिघडतो. मी अँटेनाच्या कनेक्टरवर बोट ठेवून आहे, थरथरीनं सुटत असणार. उद्या वारा पडला की विमान स्टुलाला घट्ट बांधून दोघं बघणार आहोत.