शून्य गुणिले अनंत

तक्रार दोन ओळींची होती. एका जुन्या गेममध्ये पाण्याच्या कडेला उभं राहिलं की पडद्यावर काळा चौकोन येतो, एक पाऊल सरकलं की जातो. विंडोजवर तोच गेम वर्षानुवर्षं ठणठणीत चालतोय. आमच्या थरातून लिनक्सवर किंवा मॅकवर चालवला की चौकोन हजर.

आमचं काम थोडक्यात असं: गेम डायरेक्टथ्रीडी ९ च्या, म्हणजे विंडोजच्या जुन्या ग्राफिक्स-व्यवस्थेच्या भाषेत 'हे त्रिकोण काढ' म्हणतो, आम्ही ते वाटेत पकडून व्हल्कन या नव्या व्यवस्थेच्या भाषेत ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरला सांगतो. मॅकला व्हल्कन कळत नाही, म्हणून तिथे पुढचा आणखी एक थर व्हल्कनचं मेटल, म्हणजे ॲपलची स्वतःची ग्राफिक्स-भाषा, करतो. बाहेरच्यांना वाटतं की ही फंक्शनांच्या नावांची अदलाबदल आहे. ती सुरुवातीच्या काही महिन्यांतच उरकते. मग उरतात त्या सवयी. डायरेक्टथ्रीडी ९ मध्ये पिक्सेलचा मध्य पूर्णांकावर असतो, १० पासून पुढे अर्ध्यावर. डायरेक्टथ्रीडीत वाय-अक्ष वर जातो, व्हल्कनमध्ये खाली. हे निदान कागदावर आहे. काही सवयी फक्त हार्डवेअरच्या अंगात असतात, आणि त्या अशा चौकोनातूनच कळतात.

तक्रार करणाऱ्याने स्क्रीनशॉट पीएनजीमध्ये, मूळ आकारात पाठवले होते. असं करणारे फार थोडे. बाकीचे मोबाइलने पडद्याचा फोटो काढतात. त्यामुळे मला चौकोन मोजता आला. रुंदी ११२ पिक्सेल, उंचीही ११२, तिन्ही चित्रांत.

या गेमचा ब्लूम, म्हणजे उजेडाभोवतीचं तेजोवलय, मी आधी पाहिलेला होता. चित्र एक-अष्टमांश करायचं, १३ नमुने घेऊन आधी आडवं आणि मग उभं धूसर करायचं, शेवटी मोठं करून मूळ चित्रात मिसळायचं. लहान चित्रातला एकच पिक्सेल नासला तर आडव्या फेरीत १३ नासतात, उभ्या फेरीत १३ बाय १३. तेरा आठे १०४. मोठं करताना शेजाऱ्यांचं मिश्रण होतं, त्यात दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा पिक्सेल वाढतो, म्हणजे आणखी ८. एकशे बारा! अजून डीबगर उघडलाही नव्हता आणि मला माहीत होतं की एका पिक्सेलने हे सगळं केलंय.

काळा रंग असा पसरत नाही, सरासरीत तो विरून जातो. कशातही मिसळलं तरी न विरणारी एकच चीज आहे: नॅन, 'ही संख्याच नाही' अशी खूण. नॅनमध्ये काहीही मिळवा, नॅनच राहतो. मधल्या पायऱ्यांच्या चित्रांत रंग सोळा बिटांच्या फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश संख्यांत ठेवतात, तिथे तो सुखाने टिकतो, आणि शेवटी पडद्यासाठी आठ बिटांत उतरताना इथे काळा होऊन दिसतो.

रेंडरडॉक या ग्राफिक्स डीबगरमध्ये एक फ्रेम पकडून मागे मागे गेले. पाण्याच्या कडेला दोन लाटांचे नॉर्मल, म्हणजे पृष्ठभागाला लंब असलेले दिशादर्शक व्हेक्टर, एकमेकांना रद्द करून त्यांची बेरीज नेमकी शून्य होत होती. शेडर, म्हणजे ग्राफिक्स कार्डावर चालणारा छोटा प्रोग्रॅम, त्या व्हेक्टरची लांबी एक करायला (नॉर्मलाइज करायला) जातो: लांबीचा वर्ग शून्य, त्याच्या वर्गमुळाचा व्यस्त अनंत, आणि मग शून्य गुणिले अनंत. संगणकी दशांश गणिताच्या आयईईई ७५४ या मानकाप्रमाणे उत्तर नॅन. पण डायरेक्टथ्रीडी ९ च्या काळातल्या कार्डांवर शून्याला कशानेही गुणलं तरी शून्यच यायचं. गेम लिहिणाऱ्यांना चौकोन कधी दिसलाच नाही.

मी सरळ उपाय केला. भाषांतरित शेडरमध्ये नॉर्मलाइजनंतर एक तपासणी: नॅन आला असेल तर शून्य ठेव. लिनक्सवर चौकोन गेला. मॅकवर जागच्या जागी.

त्यात अर्धा दिवस गेला. मेटलचा तयार झालेला कोड छापून पाहिला, माझी ओळ त्यात होती. ओळ असून नसल्यासारखी. मग लक्षात आलं: मेटलच्या कंपायलरमध्ये फास्ट मॅथ, म्हणजे काटेकोरपणा सोडून वेगाने गणित करण्याची सोय, डीफॉल्टनेच चालू असते. तिचा करारच असा की नॅन आणि अनंत येणारच नाहीत असं कंपायलरने धरून चालायचं. मग 'नॅन आहे का?' याचं उत्तर त्याला आधीच ठाऊक, आणि तो तपासणी काढून टाकतो. फास्ट मॅथ बंद करून पाहिलं, चौकोन गेला. पण एका पाण्यासाठी सगळ्या गेमचा वेग कमी करणं मला पटेना.

शेवटी प्रश्न आधी विचारला. व्यस्त वर्गमूळ काढण्यापूर्वीच पाहायचं की आत येणारी संख्या शून्य आहे का. असेल तर अनंताऐवजी फ्लोटमधली सर्वांत मोठी संख्या द्यायची, साधारण ३.४ गुणिले दहाचा ३८ वा घात. शून्य गुणिले ती, शून्य. एका साध्या संख्येबद्दलचा हा प्रश्न कंपायलरला खोडता येत नाही.

रिव्ह्यूमध्ये एक सहकारी म्हणाला, "अगं, हा गेमचाच बग आहे. शून्य लांबीचा व्हेक्टर नॉर्मलाइज करायचाच नसतो. आपण कशाला निस्तरायचं?" मला हे मुळीच मान्य नाही. ज्या यंत्रासाठी तो कोड लिहिला त्या यंत्राच्या नियमाने तो बरोबर होता. एएमडीच्या निर्देशसंचात तर आजही त्या जुन्या नियमाचा वेगळा गुणाकार आहे, इतका तो नियम खरा होता. नियम बदलला आपण, म्हणजे नव्या वाटेने नेणाऱ्यांनी. आणि तो गेम आता दुरुस्त करणार तरी कोण?

खरी खंत वेगळीच आहे. मी अनंताचं एक उगमस्थान बुजवलं, गुणाकाराचा नियम काही पाळला नाही. तो पाळायचा तर प्रत्येक गुणाकारापाशी दोन्ही बाजू तपासाव्या लागतात, आणि शेडरमध्ये गुणाकाराशिवाय असतं तरी काय? म्हणून तो कडक प्रकार गेमवार सेटिंग म्हणून ठेवला, डीफॉल्ट बंद. म्हणजे पुढचा चौकोन कुणाला तरी दिसावा लागणार, आणि त्याने तो आम्हाला कळवावा लागणार. बहुतेक लोक कळवत नाहीत, गेम काढून टाकतात.

साध्या व्यस्तालाही (एक भागिले संख्या) तीच तपासणी लावली आहे. घात मात्र लॉगमधून निघतो: संख्येचा लॉगरिदम काढून त्याला घातांकाने गुणायचं. शून्याचा लॉग उणे अनंत, घातांकही शून्य असला की पुन्हा तोच गुणाकार. चकाकीच्या शेडरांमध्ये हे हमखास असतं. आज तेच उघडून बसले आहे.