तुम्ही विचारलंत म्हणून: आता मी कुणाला टोकत का नाही

"पूर्वी कुणी पाला जाळला, कचरा टाकला की तुम्ही सरळ जाऊन बोलायचात. आता काय झालं?" गेली दोन वर्षं हा प्रश्न मला जिन्यात, फाटकाशी, फोनवर विचारला जातोय. कधी काळजीने, कधी टोमण्याने. कोपऱ्यावरची माझी कचऱ्याची पाटी कुणी काढली, मी वसाहतीच्या गटातून बाहेर का पडले, बैठकीत कोण काय बोललं, हे सगळं तुम्हाला माहीत आहे. ते परत उगाळत नाही. जे कुणालाच सांगितलं नव्हतं, ते सांगते.

आधी एक स्पष्ट करते. मी कंटाळले नाही, घाबरलेही नाही. धूर वाईट, हे माझं मत तसूभरही बदललेलं नाही. सुका पाला जाळला की तो धडधडून पेटत नाही, धुमसतो. खालची पानं दमट असतात, ढिगात हवा खेळत नाही, म्हणून जळण अर्धवट राहतं आणि कार्बन मोनॉक्साइड आणि बारीक कण भरपूर निघतात. यातले अडीच मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान कण नाकातल्या केसांना जुमानत नाहीत, थेट फुप्फुसांच्या तळाशी पोचतात. आपल्या डोक्याचा केस साधारण पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा. बाहेरच्या हवेचं प्रदूषण कर्करोगाला कारण ठरतं, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ साली जाहीर केलं. हे मला तेव्हाही पाठ होतं. ज्या सकाळमुळे मी बदलले, त्या सकाळीही हे सगळं डोक्यात घेऊनच मी खाली उतरले होते.

पानगळीचे दिवस. सातला दहा-पंधरा मिनिटं कमी. खिडकी उघडली तर घरात धूर. खाली आमच्या रस्त्याची सफाई करणाऱ्या मावशींनी रस्ता झाडून पाला भिंतीशी लोटला होता आणि काडी लावली होती. मी तशीच, केसही न विंचरता, गेले.

"मावशी, काय करताय हे? मुलांच्या छातीत जातो हा धूर."

त्यांनी पदर नाकाला लावलेला होता. तो न काढताच म्हणाल्या, "ताई, पोती नाहीत. गाडीवाला पाला घेत नाही. आठच्या आत रस्ता साफ दिसायला पाहिजे, नाहीतर वरून बोलणी बसतात."

तीन वाक्यं. यात सगळं होतं. पाला ठेवायला काही नाही, न्यायला कुणी नाही, आणि रस्ता मात्र साफ 'दिसायला' हवा. रस्ता कुणाला साफ दिसायला हवा होता? आम्हालाच. पाल्याच्या तक्रारी आमच्याच वसाहतीतून जात होत्या, त्यातल्या दोन माझ्या होत्या. ते त्या सकाळी मला आठवलंसुद्धा नाही. त्यांनी कारण सांगितलं आणि मला ते निमित्त वाटलं. मी फोन काढला, फोटो घेतला, वर येऊन तक्रारीच्या ॲपवर टाकला. सोबत लांबलचक मजकूर, त्यात वर सांगितलेले मायक्रॉनही. फोटोत मावशींचा अर्धा चेहरा आला होता. तो कापून टाकता आला असता, मला सुचलं नाही. खरं सांगायचं तर सुचलं होतं. पुरावा म्हणून ठेवला.

दोन दिवसांनी उत्तर आलं, "कारवाई करण्यात आली आहे." मी ते गटात टाकलं. अंगठ्यांची रांग लागली. कुणीतरी लिहिलं, तुमच्यासारखी माणसं हवीत. मी तो निरोप बरेच दिवस जपून ठेवला होता.

पाचव्या दिवशी झाडायला एक नवा मुलगा आला. मावशी कुठे आहेत म्हणून विचारलं. "त्यांना बंद केलं ठेकेदाराने," तो म्हणाला आणि झाडू लागला.

तो पाल्याचं काय करतो, हे मला थोड्याच दिवसांत कळलं. तो साडेपाचला येतो, अंधारात, आमच्या खिडक्या उघडायच्या आधी जाळतो. माझ्या तक्रारीने धूर थांबला नाही, त्याची वेळ बदलली.

मावशी मला तीन महिन्यांनी भेटल्या, दुसऱ्या एका इमारतीच्या जिन्यात, फरशी पुसताना. त्यांनीच ओळखलं. "बऱ्या आहात का ताई?" आवाजात राग नव्हता, तो असता तर मला सोपं गेलं असतं. मी चाचरत म्हटलं, "मावशी, माझ्यामुळे तुमचं..." त्यांनी पोछा पिळला आणि म्हणाल्या, "तुम्ही फोटो काढला तेव्हा मला वाटलं, पाल्याचा काढताय."

एवढंच. बादली उचलून त्या वरच्या मजल्यावर गेल्या. मी तिथे किती वेळ उभी होते, सांगता येत नाही. एक गोष्ट तिथे उभी असतानाच लक्षात आली. त्या धुराशी सगळ्यात जवळ त्या होत्या. ढिगाशेजारी, रोज, वर्षानुवर्षं. मी मुलांच्या छातीबद्दल बोलले. त्यांच्या छातीबद्दल एक शब्द नाही.

तेव्हाची मी आता मला विचारते, मग काय करायचं होतं? जळू द्यायचं? कायदा धाब्यावर बसवायचा, कारण माणूस गरीब आहे? हा प्रश्न खोटा नाही. मी तो झटकत नाही. पण तिलाही माझा एक प्रश्न आहे. त्याच महिन्यात फाटकाशी गाडीचं इंजिन अर्धा अर्धा तास चालू ठेवून बसणाऱ्या गृहस्थांना तू टोकलंस. "तुम्ही कोण?" असं ते म्हणाले आणि तू परत आलीस. त्यांचा फोटो का नाही काढलास? धूर तिथेही होता. त्या मागे फिरण्यात भीतीच होती, आणि वर घाबरले नाही असं लिहिलं ते पूर्ण खरं नाही. मी टोकत होते, पण माणूस बघून. ज्याला उलट उत्तर देणं परवडत नाही, त्याच्यावर माझं पर्यावरणप्रेम जास्त जोरात चालायचं.

आता पाटीबद्दल, कारण तीही मला राहून राहून खटकते. कोपऱ्यावर मी लिहून लावलं होतं, "रोज शेकडो लोक इथे कचरा टाकतात. लाज कशी वाटत नाही?" तिथला ढीग वाढतच गेला आणि मी लोकांना दोष देत राहिले. पुढे एका प्रयोगाबद्दल वाचलं. अमेरिकेत ॲरिझोनातल्या पेट्रिफाइड फॉरेस्ट या राष्ट्रीय उद्यानात लोक अश्मीभूत, म्हणजे दगड बनलेल्या, लाकडाचे तुकडे उचलून नेतात. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी तिथे दोन तऱ्हेच्या पाट्या लावून पाहिल्या. त्याचे आकडे २००६ साली प्रसिद्ध झाले. 'आजवर अनेकांनी लाकूड नेलं, त्याने जंगलाचं रूप बदललं' अशा अर्थाची पाटी होती तिथे मुद्दाम ठेवलेल्या तुकड्यांपैकी जवळजवळ ८ टक्के गायब झाले. 'जंगलाचं रूप टिकावं म्हणून कृपया लाकूड नेऊ नका' अशा अर्थाची पाटी होती तिथे २ टक्क्यांहूनही कमी. माझी पाटी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगत होती की इथे सगळेच टाकतात. आमची गल्ली म्हणजे ते उद्यान नव्हे, आणि एका प्रयोगावरून सगळं ठरतं असंही मी म्हणत नाही. पण पाटी काढली त्यांच्यावर मी जो राग धरला होता, तो सोडला.

"म्हणजे लोक सुधारणारच नाहीत, असं तुम्हाला वाटतं," असं काही जण म्हणतात. नाही वाटत. लोकांना पर्वा नसते, हे मला कधीच पटलं नाही. या वसाहतीत एकही घर असं नाही ज्याला झाडं नकोत. झाड तोडायला माणसं आली तेव्हा सगळे खाली उतरले होते. पण झाड सगळ्यांना हवं आणि पाला कुणालाच नको. सुक्या पानांचं खत होतं, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. त्यात कार्बन फार आणि नायट्रोजन थोडं, म्हणून नुसता पाला महिनोन् महिने तसाच पडून राहतो. स्वयंपाकघरातला ओला कचरा थरांमध्ये घातला, ओल राखली, अधूनमधून वरखाली केलं की काम लवकर होतं. मी जाळीचा पिंजरा करायचं सुचवलं. कल्पना सगळ्यांना आवडली. पिंजरा कुठे ठेवायचा, यावर बैठक मोडली. ज्याच्या खिडकीखाली म्हटलं, त्याला साप दिसू लागले. माझ्या खिडकीखाली म्हणायला मलाही आठवडा लागला, आणि तोवर लोक पांगले होते.

या वर्षी पानगळ सुरू झाली तशी तळमजल्यावरची शेजारीण वर आली. तिच्या मुलाला दमा आहे, पंप उशाशी असतो. म्हणाली, "तुम्ही सांगा ना त्या झाडणाऱ्या मुलाला. तुमचं ऐकेल तो." मी दुसऱ्या दिवशी साडेपाचला खाली गेले, हातात दोन रिकामी पोती. मुलाला म्हटलं, यात भर. त्याने भरली, तक्रार न करता. मग विचारलं, "आता ही कुठे टाकू?" मला माहीत नव्हतं. गाडीवाला अजूनही पाला घेत नाही. मी ती माझ्या जिन्याखाली ठेवायला सांगितली.

आता तिथे नऊ पोती आहेत. ती वाईट दिसतात, किडे होतील, असं दोघांनी बोलून दाखवलंय. गाडीने पाला वेगळा न्यावा म्हणून मी तीन पत्रं दिली. या वेळी फोटोत फक्त पोती आहेत. पोती संपली की मुलगा जाळतो. त्याला आठच्या आत रस्ता द्यायचा असतो. मी त्याला अडवत नाही.

शेजारीण काल परत भेटली. "पण धूर तर येतोच आहे," ती म्हणाली.

हो, येतो. कमी दिवस येतो, पण येतो. तिच्या मुलाने आणखी किती दिवस थांबायचं, हे मला तिला सांगता आलं नाही.