करंगळीपर्यंत पोचायला लागलेला वेळ

खिडकीची फुटकी काच माझ्या मनगटात घुसली. रक्त थांबवण्याच्या गडबडीत करंगळी बधिर झालीय याकडे कोणाचंच लक्ष गेलं नाही. हाताच्या सर्जननी अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये कागद धरायला लावून तो ओढला. धरून ठेवताना अंगठ्याचं पेर आपोआप वाकलं, आणि अल्नर नस, म्हणजे करंगळीकडे जाणारी नस, तुटल्याचं तिथेच ठरलं. सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक दोऱ्याने ती जोडली.

"जोडली ना, मग हलत का नाहीत बोटं?" हा प्रश्न भेटायला येणाऱ्या प्रत्येकाचा. त्यात कोणी ना कोणी मालिशवाल्याचा नंबर द्यायचाच. पण तुटल्या जागेच्या पुढचा, बोटांकडचा तंतू आधी मरतो. ऑगस्टस वॉलर या शास्त्रज्ञाने १८५० मध्ये बेडकाच्या जिभेच्या नसा कापून हेच दाखवलं होतं. मग नसेतल्या तंतूंना वेढून असलेल्या 'श्वान' नावाच्या पेशी मेलेल्या तंतूचा कचरा साफ करायला लागतात, रांग धरून वाट तयार ठेवतात आणि वरून नवा तंतू दिवसाला साधारण १ मिलिमीटर पुढे सरकतो. म्हणजे करंगळीच्या टोकाला पोचायला सहज पाच-सहा महिने.

फिजिओथेरपीच्या ताई तळहातावर टिचक्या मारत जायच्या. जिथे करंगळीत झिणझिण्या उठतील तिथे पेनाने खूण. काही आठवड्यांनी मोजलं की खूण बोटांकडे सरकलेली असायची. घरी मात्र गरम भांड्यांपासून ते बोट जपावं लागे, चटका बसलेला कळायचाच नाही.

शेजारच्या खाटेवर पाठीच्या कण्याला मार लागलेला एक तरुण व्यायाम करायचा. माझी खूण बघून म्हणाला, "काका, माझीपण रोज मिलिमीटरभर वाढत असेल ना?" ताईंनी विषय बदलला. मी नंतर डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, मज्जारज्जूत कचरा फार सावकाश निघतो, तिथल्या मायलिनमधली, म्हणजे तंतूंवरच्या वेष्टनातली, काही प्रथिनं वाढ अडवतात, वर ॲस्ट्रोसाइट या तिथल्या आधार देणाऱ्या पेशींचा व्रण आडवा येतो. तंतूंना वाढताच येत नाही असं मात्र नाही. १९८१ मध्ये मॉन्ट्रियलला डेव्हिड आणि अग्वायो या संशोधकांनी उंदरांत पायाच्या नसेचा तुकडा बसवून मज्जारज्जूला बाहेरून वाट करून दिली, तर आतले तंतू त्यातून चांगले सेंटीमीटर-सेंटीमीटर वाढले. पुन्हा मज्जारज्जूत शिरले आणि थोड्याच अंतरावर थांबले. दोष तंतूंपेक्षा जागेचा जास्त. पण यावर आधारलेला खात्रीचा इलाज दवाखान्यात अजून नाही, हेही त्यांनी सरळ सांगितलं. त्या मुलाचे व्यायाम खाटेवरून चाकाच्या खुर्चीत स्वतः सरकण्याचे होते, आणि त्यात तो माझ्यापेक्षा चिकाटीचा निघाला.

माझं सगळं पूर्ववत झालं असं नाही. काही तंतू चुकीच्या वाटेला लागलेत. अनामिकेला हात लावला की कधीकधी करंगळीला लावल्यासारखं वाटतं. त्यासाठी डोळे मिटून बोटांनी राजमा, बटण, नाणं ओळखायचा सराव चालू आहे. राजमा आणि बटणात अजून घोळ होतो.