हाड कुणाचं?

मंगळवार

आईच्या खालच्या दाढेचं आज कॉलेज रोडच्या दवाखान्यात एकदाचं ठरलं. इम्प्लांट, म्हणजे जबड्यात स्क्रू रोवून त्यावर कृत्रिम दात, बसेल, पण आधी हाड भरावं लागेल. दात गेला की त्याच्या भोवतीचं हाड झिजत जातं, सगळ्यात जास्त पहिल्या वर्षातच. दाढ काढली तेव्हा हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. स्कॅनमध्ये जबड्याची कड जेमतेम ४ मिलिमीटर रुंद दिसली. इम्प्लांटचा स्क्रूच साधारण तेवढा जाड, वर दोन्ही बाजूंना निदान १ ते १.५ मिलिमीटर हाड हवं.

मी खर्चाचं विचारणार, तेवढ्यात आई म्हणाली, “भरणार ते हाड कुणाचं?”

डॉक्टर मॅडमनी आढेवेढे घेतले नाहीत. नेहमी वापरतात ती पावडर बहुतेक वेळा गाई-बैलाच्या हाडाची. प्रक्रिया करून त्यातलं बाकी सगळं काढून टाकतात, उरतात फक्त खनिजं.

“म्हणजे हाडच ना!”

माळकरी बाई, पौष वद्य एकादशीला त्र्यंबकला निवृत्तिनाथांच्या यात्रेला पायी जाणारी. तिच्याशी हुज्जत कोण घालणार? आणि मला घालायचीही नव्हती. तोंडात काय कायमचं राहणार, हे विचारायचा तिला हक्कच आहे. संमतीपत्र इंग्रजीत, ती बोलली नसती तर मी सही करून मोकळा झालो असतो.

मृत दात्याच्या हाडालाही तिनं नकारार्थी मान हलवली. स्वतःचं हाड अक्कलदाढेच्या मागून खरवडून घेता येतं. ते सगळ्यात चांगलं रुजतं, पण दुसरी जखम होते. राहिलं कृत्रिम, कॅल्शियम फॉस्फेटचं. मॅडमनी नमुन्याच्या बाटलीतले चार दाणे तिच्या तळहातावर टाकले. तिनं बोटानं चोळून पाहिले, जाड्या रव्यासारखे. “हे चालेल.”

मग थोडं स्वतःचं, बाकी कृत्रिम असं ठरलं. वरून झाकायचा कोलॅजनचा पडदाही बहुधा जनावराचाच असतो, हे मॅडमनी आपणहून सांगितलं. आमच्या डोक्यातही आलं नसतं. तोही कृत्रिम मिळतो म्हणे.

हाड धरायला चार ते सहा महिने, स्क्रू त्यानंतर. तोवर डावीकडूनच चावायचं. हाड भरायच्या आधी शुगरचा तीन महिन्यांच्या सरासरीचा रिपोर्ट हवाय, शुगर ताब्यात नसली तर जखम लवकर भरत नाही. या तपासणीला उपाशी राहावं लागत नाही, हे मी दोनदा सांगितलं. तरी उद्या चहा घेणार नाही म्हणते.