चार दिवसांची अकरा वर्षं

‘चार दिवस सासूचे’ ही मालिका आमच्या लग्नापेक्षा दोन वर्षांनी मोठी. ईटीव्ही मराठीवर ती सुरू झाली २००१ मध्ये, आणि आमची ही इंदूरच्या रामबागेतल्या घरात आली २००३ मध्ये. माहेर उज्जैनचं, बोली माळवी. मराठीतलं फक्त ‘हो’ यायचं. सासूपुढे तेवढं पुरतं म्हणा.

आईला वाटलं, आपण शिकवू. पण आईचं मराठी होळकरांच्या मागोमाग आलेलं आणि पिढ्यान्‌पिढ्या माळव्यात मुरलेलं. ‘अगं, सब्जी बघ, जळून राहिली!’ शेवटी शिकवणी लागली ती रोहिणी हट्टंगडींची. मालिकेतल्या सासूबाई, आशा देशमुख, बोलायच्या, ही कान टवकारायची, आई मधेमधे हिंदीत अर्थ सांगायची. (‘गांधी’तल्या कस्तुरबा त्याच, हे आईला काही केल्या पटलं नाही. ‘ती बिचारी कुठं आणि ही कुठं!’)

सहा महिन्यांत हिला ‘मृत्युपत्र’, ‘वारसदार’ आणि ‘कारस्थान’ येऊ लागलं. किसणीचं मात्र कद्दूकस आणि उलथन्याचा पलटाच. देशमुखांकडे भरजरी साड्या नेसून कट शिजायचे, पोळ्या शिजताना कोण दाखवणार? पहिल्या दिवाळीला आत्यानं विचारलं, चकल्या का गं हसल्या? ही गंभीरपणे म्हणाली, ‘यात काहीतरी कारस्थान आहे.’ आत्या चार वर्षं ते सांगत फिरत होती.

माझं विचाराल तर मालिका निम्म्यातच आवरायला हवी होती. तीन हजारांवर भाग! रोजची मालिका म्हणजे लग्नघरची आमटी, पंगत वाढली की घाला पाणी. पण घरात हे बोलायची माझी टाप नव्हती. त्या अर्ध्या तासात दोघी एका सतरंजीवर आणि एकाच बाजूला असायच्या. मालिकेतल्या सुनेच्या, अनुराधाच्या. हो, आईसुद्धा. अनुराधा झालेल्या कविता लाडच्या डोळ्यांत पाणी आलं की आई पदर डोळ्यांना लावायची. घरच्या सुनेला ही सवलत नव्हती.

जानेवारी २०१३. शेवटचा भाग. बाहेर हाडं गोठवणारी थंडी. मी छप्पन दुकान या खाऊगल्लीतून गरम गराडू, म्हणजे तळलेल्या कंदाचे तुकडे, आणले, वर जिरावन मसाला, लिंबू. कुणी हात लावला नाही. पडद्यावर नावं सरकत गेली.

‘बस? इतकंच?’ आई म्हणाली.

अकरा वर्षांनी, इतकंच! गार गराडू खाणं ही शिक्षा असते, ती मी एकट्यानं भोगली.

पुढच्या आठवड्यात त्या वेळेला टीव्ही बंद. पाणी प्यायला आत गेलो, तर दोघी ओट्यापाशी. आई थालीपीठ लावायला शिकवत होती. लग्नाला दहा वर्षं होत आली, पण ही वेळ कधी मोकळीच नव्हती.

‘आई, उलथनं द्या ना,’ ही म्हणाली.

‘अगं, तो काय पलटा,’ आई म्हणाली, ‘तुझ्या मागेच टांगलाय.’