आमची वाटचाल: आठ इंचांचा चौकोन

आम्ही वडगावचे. बेळगावात वडगाव, शहापूर, खासबाग म्हटलं की माग डोळ्यांसमोर येतात. आमच्या सासऱ्यांच्या वेळी घरात हातमाग होता, पुढं दिरांनी यंत्रमाग घातला. पुरुष मागावर आणि बायका कांड्या भरायला, अशी वाटणी ठरलेली. सूत किती ओढायचं आणि कुठं सैल सोडायचं, हे इथल्या मुलींच्या बोटांना फार लवकर कळतं. गट, कर्ज, दुकान हे सगळं नंतर आलं. आमच्या क्रोशाच्या व्यवसायाचं पहिलं भांडवल ही बोटं.

सुरुवात रुखवतापासून झाली. लग्नघरातून तोरणं, ताटावरचे रुमाल, टेबलक्लॉथ, लोकरीची फुलं अशी कामं यायची. मी आणि शेजारच्या दोघी वैनी मिळून ती करायचो. पैसे बरे मिळायचे, पण काम हंगामी. तुळशीचं लग्न झालं की रात्री जागायच्या आणि चातुर्मास लागला की सुया डब्यात. बारशाची दुपटी, टोपरी, मोजे वर्षभर चालायचे, पण तेवढ्यावर तीन घरं चालणं शक्य नव्हतं.

खरा बदल झाला तो एका ब्लँकेटमुळं. बेळगावच्या कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असल्यानं फौजी कुटुंबं येत-जात असतात. त्यातल्या एका बाईंनी बदली होऊन जायच्या आधी पलंगावर टाकायचं क्रोशाचं ब्लँकेट मागितलं आणि अट घातली की सगळे चौकोन एकाच विणीचे नकोत, प्रत्येक चौकोन हाताला वेगळा लागला पाहिजे. रंग मात्र एकच, सायीचा. रंग एक ठेवला की नजर विणीवर जाते, हे त्यांचं म्हणणं मला तेव्हाच पटलं. आजही आमच्या एका ब्लँकेटात तीनपेक्षा जास्त रंग घेत नाही. उठावदार विणीवर भडक रंगांची गर्दी केली की वीण दिसतच नाही, कष्ट वाया जातात.

ऐकायला सोपं काम. पण क्रोशात वीण बदलली की माप बदलतं, आणि चौकोन जोडून ब्लँकेट करायचं तर सगळे चौकोन एका मापाचे हवेत. आमचा चौकोन ८ इंचांचा. सहा आडवे आणि आठ उभे, असे ४८ चौकोन जोडले की एका माणसाचं ब्लँकेट होतं, साधारण ४८ इंच बाय ६४ इंच. ४८ पैकी एक जरी पाऊण इंचानं लहान असला तरी तो शेजारच्या चौघांना आपल्याकडं ओढतो आणि ब्लँकेट जमिनीवर पसरलं की तिथं खळगा पडतो.

आता विणी बघा. खांब म्हणजे उंच उभा टाका. साध्या खांबाचे ३० टाके आमच्या ४ मिलिमीटरच्या सुईवर बरोबर ८ इंच भरतात. तेच ३० टाके टोपलीविणीला घेतले तर चौकोन पावणेसात इंचांतच आटपतो. कारण टोपलीविणीत सुई टाक्याच्या माथ्यात घालायची नसते, खालच्या ओळीतल्या खांबाच्या कमरेभोवतून फिरवायची असते. तीन खांब पुढून, तीन खांब मागून, दोन ओळी झाल्या की अदलाबदल. पुढून घेतलेले खांब वर उठतात, मागून घेतलेले दबतात, आणि या ओढाताणीत कापड आडवं आकसतं. नक्षी सहाच्या पटीत बसते म्हणून आम्ही टोपलीविणीला ३६ टाके धरतो. शंखवीण याच्या उलट वागते. एका टाक्यात पाच-पाच खांब पडतात, त्यामुळं ती पसरते आणि कडा ढिली राहते. वॅफल वीण उभी-आडवी खळगे पाडत जाते, तिचं कापड जाड आणि उबदार होतं, कारण त्या खळग्यांत हवा कोंडून राहते.

पॉपकॉर्नचा टाका माझा सगळ्यात आवडता. एकाच टाक्यात पाच खांब घालायचे, सुई टाक्यातून सोडवून घ्यायची, पाचांपैकी पहिल्या खांबाच्या माथ्यात ती घालायची आणि सुटलेला टाका त्यातून ओढून घ्यायचा. वर एक साखळी घालून गळा आवळला की पाचही खांब एकदम फुगून पुढं येतात. परतीची ओळ साध्या मुक्या खांबांची, म्हणजे बुटक्या टाक्यांची. पुढच्या ओळीतला पॉपकॉर्न आधीच्या दोन पॉपकॉर्नच्या मधोमध बसवायचा, म्हणजे अख्खा चौकोन दाण्यांनी भरून येतो. चांगला झालेला पॉपकॉर्न अंगठ्यानं दाबून सोडला की परत वर येतो. आम्ही चौकोन घेताना असाच तपासतो. दाबलेला दाणा दबूनच राहिला तर समजायचं की गळा नीट आवळलेला नाही.

प्रत्येक विणीचं टाक्यांचं गणित बसवलं तरी दुसरी अडचण होतीच. एकीचा हात घट्ट, दुसरीचा सैल. तेच ३० टाके, तीच सुई, तीच लोकर, आणि दोघींच्या चौकोनांत अर्ध्या इंचाचा फरक. "जरा सैल विणा", "जरा आवळून विणा" असं सांगून काही होत नाही. मन लावून हात सैल सोडणारी बाई चार ओळी सैल विणते, पाचव्या ओळीला गप्पांत रमली की हात पुन्हा मूळ पदावर. मग एकाच चौकोनात खाली सैल आणि वर घट्ट. येळ्ळूरच्या एक मावशी आमच्याकडं येतात, भाताच्या शेतात राबलेला कणखर हात. त्या एकदा म्हणाल्या, "माझा हात घट्टच हाय बघ. मऊ काय मला जमायचं न्हाई."

मी म्हटलं, "मग तुम्ही पॉपकॉर्नच करा की वो मावशी."

तेव्हापासून आमच्या कामाची घडी तीच आहे. हात कुणाचा बदलायचा नाही. घट्ट हाताला ४.५ ची सुई, सैल हाताला ३.५ ची, आणि वीण त्या हाताला शोभेल ती. दाणा आवळून बसवायला घट्ट हात लागतो. शंखवीण आणि जाळीची वीण सैल हातातून सुंदर उतरते. टोपलीविणीला फक्त मोजणी सांभाळणारी बाई हवी, तिचा हात कसाही चालतो. मावशींच्या हातचे पॉपकॉर्न आज मी डोळे मिटूनही ओळखीन. एकेका बाईच्या वाट्याला एकेक वीण आल्यामुळं प्रत्येकीचा त्या विणीवर हात बसला, वेग वाढला, आणि आमची ब्लँकेटं खऱ्या अर्थानं अनेक हातांची झाली.

राहिलेला बारीकसारीक फरक किनार काढून टाकते. चौकोन विणून झाला की त्याच्या चारही बाजूंनी मुक्या खांबांची एक फेरी घालायची. प्रत्येक बाजूला २८ मुके खांब आणि कोपऱ्यात एकाच टाक्यात तीन. वीण कुठलीही असो, किनारीचा हिशोब हाच. सगळ्या चौकोनांना सारखे टाके असले की जोडताना टाक्याला टाका लागतो आणि कोपऱ्याला कोपरा. जोडणी मात्र एकाच हातानं झाली पाहिजे, यावर मी अडून बसते. दोन हातांनी जोडलेल्या ब्लँकेटात मधली रेघ ओळखू येते. आमच्याकडं हे काम सुरुवातीपासूनच्या थोरल्या वैनी करतात.

शिकवण्याचा प्रश्न आला तेव्हा आमच्या भागाचं वेगळेपण आडवं आलं आणि मदतीलाही आलं. आमच्यातल्या बऱ्याच जणी घरात कन्नड बोलतात, काही जणी मराठी, काहींची दोन्हीत सारखीच सरमिसळ. कुणाची शाळा मराठी, कुणाची कन्नड, दोघी-तिघींना वाचायची सवयच नाही. कृती लिहून द्यायची कुठल्या लिपीत? त्यावर उपाय निघाला चित्रांचा. क्रोशाच्या नकाशात लंबगोल म्हणजे साखळी, अधिकचं चिन्ह म्हणजे मुका खांब, इंग्रजी टी सारखी खूण म्हणजे अर्धा खांब, तीच उंच करून तिच्यावर एक तिरकी रेघ मारली की पूर्ण खांब. या खुणा जगभर जवळजवळ सारख्याच वापरतात. मी चौकटीच्या वहीवर प्रत्येक विणीचा नकाशा काढला आणि प्लॅस्टिकमध्ये घालून प्रत्येकीला दिला. एक कन्नड अक्का पहिल्यांदा नकाशा हातात धरून म्हणाल्या, "अगं ही तर रांगोळीच की!" आणि संध्याकाळपर्यंत वॅफलचा अर्धा चौकोन विणून मोकळ्या झाल्या.

मजुरीबद्दल मला थोडं सविस्तर लिहायचं आहे, कारण या कामात बायकांची फसवणूक तिथंच होते. बाजारात नगावर मजुरी देतात. चौकोन म्हणजे चौकोन, एकच भाव. पण साध्या खांबाच्या चौकोनाला २५ ग्रॅम लोकर लागते, तर टोपलीविणीच्या चौकोनाला ३८ ग्रॅमपर्यंत जाते, आणि वेळही त्याच प्रमाणात. पॉपकॉर्नच्या एका दाण्याला पाच खांबांचे कष्ट. एकच भाव लावला की अवघड वीण करणारी बाई रोज तोट्यात, आणि हळूहळू कुणीच अवघड वीण घेईनासं होतं. म्हणून आमच्याकडं विणीगणिक भाव आहे. साधा चौकोन हा पाया धरून टोपलीवीण दीडपट, पॉपकॉर्न पावणेदोनपट. लोकर वजनकाट्यावर तोलून द्यायची, चौकोन आणि उरलेली लोकर तोलून घ्यायची. हिशोबाची वही सगळ्यांसमोर उघडी. काही व्यापाऱ्यांनी मला सांगितलं की असा भाव देऊन धंदा टिकत नाही. टिकला आहे.

भांडवल पहिल्यांदा आमच्या स्त्रीशक्ती गटातून, म्हणजे बायकांच्या बचत गटातून मिळालं, नंतर बँकेनं गटाच्या नावावर कर्ज दिलं. लोकर लुधियानाची, कोल्हापूरच्या घाऊक व्यापाऱ्याकडून येते. कोल्हापूर आमच्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटर, पण ते परराज्य. नकाशावरची ती रेघ एरवी जाणवत नाही, सोयरीक दोन्हीकडं, बाजारहाट दोन्हीकडं. २०२१ साली कोरोनात निपाणीजवळ कोगनोळी नाक्यावर महाराष्ट्रातून येणाऱ्याकडं आरटीपीसीआर तपासणीचा दाखला मागायला लागले, तेव्हा ती चांगलीच जाणवली. आमची लोकर पलीकडं, आम्ही अलीकडं. सीमेवर तणाव झाला की आजही बस बंद होतात आणि पार्सलं अडकतात. तेव्हापासून एका ब्लँकेटाची पूर्ण लोकर हातात आल्याशिवाय पहिला टाका घालत नाही. याला आणखी एक कारण आहे. लोकर रंगवतानाच्या प्रत्येक घाण्याचा रंग किंचित वेगळा येतो. लेबलवरचा घाण्याचा क्रमांक जुळला नाही तर निम्मं ब्लँकेट सायीचं आणि निम्मं पिवळसर दिसतं, आणि ते उन्हात नेल्यावरच कळतं.

एका मोठ्या शहरातल्या दुकानानं विक्रीसाठी ब्लँकेटं ठेवून घेतली, विकली आणि पैशांसाठी आम्हाला झुलवत ठेवलं. त्या महिन्यात बायकांची मजुरी मी माझं गंठण गहाण ठेवून दिली. आता माल उधारीवर कुणालाच देत नाही, निम्मे पैसे आधी घेतो. पानिपतचं यंत्रावरचं ब्लँकेट काही शे रुपयांत मिळतं, मग तुमचं एवढं महाग का, असं विचारणारे येतात. मी त्यांना चौकोन हातात देते. क्रोशाचं विणकाम यंत्रावर होत नाही, प्रत्येक टाका सुईनं आणि हातानंच पडतो. चौकोनावरून बोटं फिरवली की पुढचं बोलावं लागत नाही.

टिळकवाडीतल्या एका गिऱ्हाईकानं सासूबाईंसाठी ब्लँकेट नेलं होतं. सासूबाईंची नजर अगदी अधू. योगायोगानं त्या ब्लँकेटाच्या एका टोकाच्या ओळीत सगळे पॉपकॉर्न आले होते. महिनाभरानं सूनबाईंचा फोन आला. आजी रात्री अंधारात चाचपून दाणे लागले की ती पायाकडची बाजू धरतात आणि स्वतःच ब्लँकेट नीट ओढून घेतात, कुणाला उठवत नाहीत. त्या दिवसापासून आमच्या प्रत्येक मोठ्या ब्लँकेटाची शेवटची ओळ पॉपकॉर्नची असते. बारशाच्या दुपट्याला मात्र पॉपकॉर्न आणि जाळी दोन्ही नाहीत. तान्ह्याची बोटं जाळीत अडकतात. दुपटं सुती धाग्याचं, टोपलीविणीचं किंवा साध्या खांबाचं, चार बाय पाच चौकोनांचं.

ब्लँकेट नेणाऱ्या प्रत्येकाला मी एक गोष्ट बजावते. अ‍ॅक्रिलिक लोकरीवर इस्त्री फिरवू नका. गरम इस्त्री लागली की उठाव बसतो तो कायमचा, पॉपकॉर्नची चकती होते. गार पाण्यात धुवायचं, पिळायचं नाही, पंच्यात गुंडाळून दाबायचं आणि खाटेवर आडवं पसरून वाळवायचं. दोरीवर टाकलं तर ओल्या वजनानं चौकोन लांबट होतात. आणि बेळगावच्या पावसात, जून ते ऑगस्ट, सुती ब्लँकेट धुवायला काढूच नका, चार दिवस वाळत नाही आणि वास धरतं.

सध्या आमच्याकडं अकरा विणी आहेत. मगरीच्या पाठीसारखे खवले येणारी बारावी वीण थोरल्या वैनींच्या नातीनं बसवायला घेतली आहे. तिला लोकर फार लागते आणि चौकोन जड होतो, त्यामुळं ती ब्लँकेटात घ्यायची की फक्त उशीच्या खोळीला ठेवायची हे अजून ठरलेलं नाही. मला ती उशीलाच बरी वाटते, नात ऐकत नाही. मोठ्या ब्लँकेटाला दीड ते दोन महिने लागतात. भाताची सुगी सुरू झाली की येळ्ळूर-मजगावच्या बायका शेतावर जातात, त्यांना आम्ही अडवत नाही. त्यामुळं लग्नसराईत ब्लँकेट हवं असेल तर ऑर्डर गणपतीच्या आधी द्यावी, आणि रंग सांगताना फोटोवर न जाता लोकरीचा तुकडा मागवून घ्यावा. आम्ही तो पोस्टानं पाठवतो.